दोन्ही बाजूंनी पुस्तक बंदच

‘कुराण म्हणजे बायबलची कॉपी’ हा दावा रीलमध्ये छान बसतो. डावीकडे बायबलमधला नोहा, उजवीकडे कुराणातला नूह, मध्ये लाल बाण आणि शेवटी हसणारा इमोजी. खाली कमेंटमध्ये उत्तरही ठरलेलं असतं: तुमचे जुने ग्रंथ माणसांनी बिघडवलेत, ते वाचायचं कारणच काय? दोघांनाही वाटतं की आपण कडाडून भांडतोय. प्रत्यक्षात एका गोष्टीवर त्यांचं पक्कं एकमत आहे: पुस्तक उघडायची गरज नाही.

आपण उघडू. यूसुफची गोष्ट घ्या. बायबलच्या ‘उत्पत्ति’ या पहिल्या पुस्तकात हाच योसेफ आहे. कुराणात त्याची गोष्ट बाराव्या सूरेत, 111 आयतींमध्ये येते. सांगाडा तोच. भाऊ जळतात, विहिरीत टाकतात, पोरगा इजिप्तमध्ये गुलाम होतो, मालकाची बायको त्याच्या मागे लागते, तो पळतो आणि ती त्याचा कपडा धरते.

आता त्या कपड्यावर नजर ठेवा. ‘उत्पत्ति’मध्ये कपडा तिच्या हातात राहतो. तोच ती पुरावा म्हणून दाखवते आणि योसेफ तुरुंगात जातो. कुराणात सदरा फाटतो. तिच्याच घरातला एक जण तर्क लढवतो: पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर तो खरा. सदरा मागून फाटलेला निघतो. यूसुफचा तुरुंग तरीही टळत नाही, पण त्याचं निर्दोष असणं सिद्ध होतं. एका ग्रंथात ज्या कपड्याने माणसाला अडकवलं, तोच कपडा दुसऱ्या ग्रंथात त्याच्या बाजूने साक्ष देतो.

बापाचंही तसंच. ‘उत्पत्ति’तला याकोब रक्ताने माखलेला झगा बघतो आणि मुलाला जनावराने खाल्लं असं मानून शोक करतो. कुराणातल्या याकूबला मुलांची थाप लगेच कळते. तो धीर धरतो, पुढे दुःखाने त्याची दृष्टी जाते आणि अखेर यूसुफचाच सदरा चेहऱ्यावर टाकल्यावर परत येते. म्हणजे एकच सदरा तीनदा येतो: खोटं बोलायला, खरं सिद्ध करायला आणि बरं करायला. परीक्षेत शेजाऱ्याचा पेपर बघून लिहिणाऱ्याला हे जमत नाही. ज्याला जुनी गोष्ट ठाऊक आहे आणि ती वेगळ्या अर्थाने सांगायची आहे, त्यालाच जमतं.

मग दोन्हींचा संबंध नाही का? आहे, आणि दाटच आहे. तो लपवणारेही मला पटत नाहीत. कुराणात ईसा मातीचा पक्षी करून त्यात फुंकर घालतो. ही गोष्ट बायबलच्या चार शुभवर्तमानांत नाही, पण येशूच्या बालपणाच्या एका जुन्या ख्रिस्ती कथासंग्रहात आहे. गुहेत झोपलेल्या तरुणांची कथा सुरियानी ख्रिस्ती लोकांत आधीपासून चालत होती, इ.स. 521 मध्ये वारलेल्या सरूगच्या याकोबाने तिच्यावर काव्य रचलं होतं. सातव्या शतकातल्या अरबस्तानच्या हवेत या गोष्टी होत्या. इतिहासकार म्हणेल, त्या ऐकून माहीत होत्या. श्रद्धावान म्हणेल, देणारा ईश्वर एकच, मग गोष्टी जुळणारच. पण त्या ऐकणाऱ्यांना माहीत होत्या, हे दोघांनाही मान्य करावं लागतं.

कारण कुराणच तसं वागतं. आदमच्या दोन मुलांची गोष्ट ते सांगतं, पण मुलांची नावं देत नाही. हाबील आणि काबील ही नावं नंतरच्या परंपरेत येतात. गुहेतले तरुण तीन, पाच की सात, यावर लोक वाद घालतात हेही ते नोंदवतं आणि नेमकी संख्या ईश्वरालाच ठाऊक म्हणून पुढे जातं. चालू असलेल्या चर्चेत कुणीतरी तोंड घालावं, तशी ही भाषा आहे.

सगळ्यात बोलकं उदाहरण पाचव्या सूरेतलं. एक जीव घेणं म्हणजे सगळ्या मानवजातीचा जीव घेणं, हा विचार तिथे आदमच्या मुलांच्या गोष्टीला जोडून येतो. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ज्यूंच्या ग्रंथातही तो येतो, आणि तिथेही याच भावांच्या खुनाच्या संदर्भात. सापडली चोरी! पण पुढे वाचा. आम्ही बनी इस्राईलांना हे सांगितलं होतं, असं कुराण त्याच वाक्यात म्हणतं. मूळ मालकाचं नाव घेऊन केलेली चोरी ही कुठली चोरी?

आणि साम्य म्हणजेच चोरी असेल, तर हिशेब सगळ्यांचा करा. 1872 मध्ये जॉर्ज स्मिथने ब्रिटिश म्युझियममधल्या मातीच्या फळ्यांवर बायबलसारखीच महापुराची कथा वाचली. मत्तयच्या शुभवर्तमानात मार्कचा बहुतेक मजकूर सामावलेला आहे. आणि एकनाथांच्या ‘भावार्थ रामायणा’ला वाल्मीकीची कॉपी म्हणण्याचा करंटेपणा आपल्याकडे कुणी करत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे. जुने ग्रंथ बिघडवले गेले, या आरोपाला ‘तहरीफ’ म्हणतात आणि त्याला कुराणात आधार आहे. पण त्याच कुराणात तौरात ज्यूंच्या हाती असताना ते निवाड्यासाठी पैगंबरांकडे कशाला येतात, असाही प्रश्न आहे; आणि इंजीलवाल्यांनी इंजीलनुसार न्याय करावा, असंही सांगितलं आहे. त्यामुळे बिघडलं ते काय, मजकूर की त्याचा लावलेला अर्थ, यावर मुस्लिम विद्वान शतकानुशतकं भांडले. अकराव्या शतकात कॉर्डोबाच्या इब्न हज्मने मजकूरच बदलल्याचा आरोप केला, पण त्यासाठी त्याने बायबल बारकाईने तपासलं. पंधराव्या शतकात कैरोत अल-बिकाईने कुराणावरच्या भाष्यात थेट बायबलमधले उतारे वापरले. विरोध झाल्यावर त्याने त्याच्या समर्थनार्थ वेगळा ग्रंथ लिहिला. दोघांचे निष्कर्ष वेगळे, पण दोघांनीही पुस्तक उघडलं होतं. आजचा कमेंटवाला त्यांचा वारसा सांगतो आणि त्यांची मेहनत टाळतो.

‘सगळे धर्म एकच सांगतात’ असं म्हणून हात झटकणाराही याच रांगेत उभा आहे. ते एकच सांगत नाहीत. येशूचं क्रुसावरचं मरण हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा. कुराण ते नाकारतं. ईश्वराला पुत्र असणंही नाकारतं. तरीही मूसाचं नाव त्यात सव्वाशेहून अधिक वेळा येतं आणि मोहम्मद हे नाव फक्त चार वेळा. इतका मतभेद आणि इतकी जवळीक एका नात्यात असू शकते, हेच तर समजून घ्यायचं आहे.

‘कॉपी’ आणि ‘बिघडलेलं’ हे शब्द ग्रंथापुरते थांबत नाहीत. ते माणसाला चिकटतात. ज्याचा ग्रंथ नकली, तो माणूसही नकली, हे पुढचं वाक्य कुणी लिहीत नाही, पण सगळ्यांना ऐकू जातं. म्हणून मतभेद असला, तर तो वाचून असावा.

दोन्ही ग्रंथांची मराठी भाषांतरं आहेत. ‘उत्पत्ति’चा 39वा अध्याय आणि बारावी सूरा शेजारी ठेवा. फार तर अर्धा तास जाईल. मग खुशाल भांडा.