विश्लेषण : साठ-सत्तर वर्षांचा बंगला पाडायचा की सांभाळायचा?

पुण्यातील डेक्कन जिमखाना, एरंडवणे, सहकारनगर या भागांतील १९५०-६०च्या दशकातील बंगल्यांच्या जागी आता बहुमजली इमारती दिसतात. काही कुटुंबे मात्र घर न पाडता दुरुस्त करण्याचा पर्याय शोधत आहेत. हे शक्य आहे का आणि त्यात कुठे चूक होते?

पाडण्याकडे कल का?

डिसेंबर २०२०मध्ये राज्यात लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीमुळे (यूडीसीपीआर) प्रीमियम व टीडीआर वापरून त्याच भूखंडावर बरेच जास्त बांधकाम करता येते. वारसदार तीन-चार असतील, तर एका बंगल्यापेक्षा चार सदनिकांची वाटणी सोपी जाते. दुरुस्तीतून नवे क्षेत्रफळ मिळत नाही. त्यामुळे अनेकदा घर खचले म्हणून नव्हे, तर हिशेब जुळत नाही म्हणून पाडले जाते.

कायद्याचे संरक्षण आहे का?

वारसा यादीतील वास्तूंना श्रेणीनुसार संरक्षण मिळते. पण या काळातील बहुतेक खासगी घरे अशा यादीत नाहीत. निर्णय कुटुंबाचाच असतो. महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५-अ नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे मात्र मालकाची जबाबदारी आहे.

घराचे ‘जुनेपण’ नेमके कशात?

व्हरांडा, खिडक्यांवरचे रुंद छज्जे, जिन्यातील सिमेंटची जाळी, सागवानी दारे-खिडक्या, मोझेक किंवा शहाबादी फरशी आणि समोरासमोरच्या खिडक्यांतून खेळणारी हवा. यातील बऱ्याच गोष्टी शोभेपुरत्या नाहीत. छज्जा ऊन-पाऊस अडवतो. सागवानी खिडकी पूर्ण उघडते. दोन पल्ल्यांच्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत एका वेळी निम्मीच जागा मोकळी होते. मोझेकला पुन्हा पॉलिश करता येते. त्यावर नवी टाइल बसवली, तर स्लॅबवर वजन वाढते, फरशी उंचावते आणि दारे खालून कापावी लागतात.

धोका कुठे असतो?

यातील अनेक घरे भारवाही भिंतींवर उभी आहेत. हॉल मोठा करण्यासाठी मधली भिंत काढली, की वरच्या स्लॅबचा आधार जातो. वायरिंग लपवण्यासाठी भिंतीत आडव्या खोल खाचा पाडल्या तरी ती कमकुवत होते. दुसरा धोका गंजाचा. गच्ची गळते, स्लॅबमधील सळया गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. त्यावर नुसते प्लास्टर व रंग दिला, तर आतला गंज वाढतच राहतो.

कामाचा क्रम काय असावा?

आधी संरचना अभियंत्याकडून तपासणी. मग गळती बंद करणे, सैल काँक्रीट काढून सळया साफ करणे, गंजरोधक लेप देणे आणि नव्या मॉर्टरने भरणे. त्यानंतर गंजलेले जीआय पाइप व जुने वायरिंग बदलणे. गीझर, एसीचा भार त्या काळी गृहीत नव्हता आणि अर्थिंग तर अनेक ठिकाणी नसतेच. फरशी, लाकूडकाम, रंग शेवटी. प्रत्यक्षात अनेक जण स्वयंपाकघर आणि रंगापासून सुरुवात करतात व वर्षभरात ओल आली की तेच पुन्हा फोडतात. भिंत काढणे, खोली वाढवणे यांसाठी महापालिकेची परवानगी लागते.

मधला मार्ग आहे का?

पाया सक्षम असेल, तर मागील बाजूस खोली वाढवून किंवा वरचा मजला स्वतंत्र करून दोन कुटुंबांची सोय होऊ शकते. पण सळया मोठ्या प्रमाणावर गंजल्या असतील किंवा पाया खचला असेल, तर पाडणेच सुरक्षित. म्हणूनच बिल्डरशी बोलणी सुरू करण्याआधी तपासणी अहवाल सर्व वारसदारांच्या हाती असायला हवा. मग घर ‘पडायला आले’ आहे की ‘पाडायचे’ आहे, हे किमान स्पष्ट होते.