बुरशीचा उपाय आणि खर्चाचा धनी

कल्याण-माळशेज रस्त्यावरील टोकावडे परिसरातील शेतकऱ्याला बुरशी ठाऊक आहे ती शत्रू म्हणून. भातावर करपा पडतो तो तिच्यामुळे आणि अवकाळी पावसात भिजलेला पेंढा गुरांच्याही कामाचा उरत नाही, तोही तिच्यामुळेच. परंतु त्याच परिसरातील रानात उन्मळून पडलेल्या ओंडक्यांवर चढणारी पांढरी बुरशी काही वर्षांत लाकडाची माती करते. लाकडातील लिग्निन हे द्रव्य इतके चिवट, की ते फोडू शकणारे जीव निसर्गात थोडेच. त्यासाठी ही बुरशी जी विकरे शरीराबाहेर सोडते, ती एकाच द्रव्याला चिकटून राहत नाहीत. त्यामुळे कापडाच्या रंगांसारखी रसायनेही त्यांच्या तावडीत सापडतात. १९८५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी एक बुरशी डीडीटी आणि लिंडेन यांचेही विघटन करते, असे दाखवून दिले.

ठाणे जिल्ह्याला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. माळशेजकडून येणारी काळू आणि उल्हासनगरातून वाहणारी वालधुनी, दोघींचे पाणी अखेर उल्हासलाच मिळते. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर वालधुनीत रसायने ओतली गेली आणि त्यातून उठलेल्या वायूने शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावे लागले. जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा तेव्हा चाळीस वर्षांचा झाला होता!

अशा स्थितीत पेंढ्यावर वाढणारी बुरशी हा स्वस्त उपाय वाटावा, हे स्वाभाविक आहे. पेंढा येथे मुबलक आहे आणि बुरशीला तो मानवतो. मात्र प्रयोगशाळेतील बाटली निराळी आणि कारखान्याचे सांडपाणी निराळे. बुरशीला प्राणवायू लागतो, काहीसे आम्ल पाणी लागते, सवड तर फारच लागते. उघड्या सांडपाण्यात जिवाणू तिच्यावर सहज मात करतात. शिवाय शिसे, क्रोमियम यांसारख्या धातूंचे विघटन होतच नाही. बुरशी त्यांना फार तर स्वतःत धरून ठेवते आणि मग तो पेंढाच विषारी कचरा ठरतो.

खरा प्रश्न उपस्थित होतो तो येथे. सांडपाणी न शुद्ध करता सोडणारा कारखानदार उत्पादनखर्चाचा एक भाग मुकाट्याने नदीकाठच्या लोकांवर ढकलत असतो. उपाय स्वस्त झाला म्हणून हा हिशेब आपोआप बदलत नाही. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीलगत असा प्रयोग अवश्य व्हावा. परंतु त्याचा खर्च, वापरलेल्या पेंढ्याच्या विल्हेवाटीसकट, सांडपाणी सोडणाऱ्याच्याच खाती पडला पाहिजे आणि टोकावड्याच्या शेतकऱ्याला पेंढ्याचा भाव रोखीने मिळाला पाहिजे.