पन्नास टक्क्यांचा हिशेब



गळाच्या सामानावर दुकानदार ‘पन्नास टक्के नफा उकळतात’ हे मागील अंकातले पत्र वाचले. मी त्यांतलाच एक. शंभराचा माल दीडशेला विकला की पन्नास टक्के होतात खरे, पण ते खरेदीवर. विक्रीवर मोजाल तर ३३, आणि भाडे, वीज, पोऱ्याचा पगार त्यातूनच जायचा. शिवाय एवढे सुटते ते फक्त गऱ्या, शिसे, तंगूस यांवर. वीस-तीस रुपयांच्या पुड्या त्या! रॉड-रिळाचे गिऱ्हाईक अर्धा तास रीळ फिरवून पाहते आणि माझ्यासमोरच मोबाइलवरचा भाव दाखवते. तिथे दहा टक्के हाती लागले तरी नशीब.

१ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी यांत्रिक नौकांना, गरवणाऱ्यांना नव्हे. पण आषाढात खडकावर उभे राहणार कोण? गल्ला कोरडा, आणि खाऱ्या दमट हवेत गऱ्या गंजतात त्या निराळ्याच.

छापील किमतीपेक्षा जास्त कुणी घेत असेल, तर वैधमापन विभागाकडे खुशाल तक्रार करा. खाली मीही सही करीन.

– एक दुकानदार, रत्नागिरी