घरगुती गणित : चार बांध आणि एक कर्ण

गेल्या पौषांत आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचें पत्र आलें. बाईंचें सासर जालना जिल्ह्यांत, अंबड तालुक्यांत गोदाकांठीं आहे. पत्रांत क्षेमकुशलाचा मजकूर दोन ओळींतच आटोपला होता. पुढें मात्र दोन शेतांच्या आकृति काढून त्यांखालीं आंकडे मांडले होते, आणि शेवटीं प्रश्न होता : "गुरुजी, दोन्ही शेतें सारखीं असतां आमच्याच शेताचें बियाणें दरसाल कां उरतें?"

हकीकत अशी. सासरे वारल्यावर दोघां भावांनीं घरच्या घरीं, चार वडीलधाऱ्यांसमक्ष वांटणी केली. थोरल्यांस वाटेलगतचें शेत गेलें. त्याला लागूनच, ओढ्याच्या बाजूस असलेलें शेत धाकट्यांस मिळालें. मोजणीस तेहतीस फुटांची साखळी घेतली होती. ही साखळी हिशेबास फार सोयीची. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. लांबीरुंदी साखळ्यांत मोजून गुणाकार केला, कीं गुंठे हातीं आलेच. थोरल्यांचें शेत सरळ आयताकृति, २२ साखळ्या लांब व ११ रुंद. म्हणजे २४२ गुंठे, अर्थात् ६ एकर २ गुंठे. धाकट्यांच्या शेताचे बांध मात्र चार तऱ्हेचे : क्रमानें ७, २४, १५ व २० साखळ्या. गांवांतील एका जाणत्या वृद्धांनीं त्याचा हिशेब जुन्या रीतीनें केला. समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढावयाची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करावयाचा. ७ व १५ यांची सरासरी ११. २४ व २० यांची २२. गुणाकार तोच, २४२! शेताभोंवतीं फिरून यावें तर तें अंतरहि दोहोंचें सारखेंच, ६६ साखळ्या. मंडळींनीं समाधानानें माना डोलावल्या.

तीन वर्षें कोणाच्याहि मनांत किंतु आला नाहीं. आला तो कोठीघर सांभाळणाऱ्या बाईंच्या. सहा एकरांचें म्हणून आणलेल्या ज्वारीच्या बियाण्यांतून दर पेरणीस जवळजवळ एका एकराचें उरे. तिफण तीच, पेरणारा गडी तोच. आणि थोरल्या जावेकडे मात्र मूठभरहि उरत नसे. यजमानांनीं "तुझेंच माप चुकत असेल" म्हणून विषय संपविला. बाईंनीं तो संपूं दिला नाहीं, हें आम्हांस फार आवडलें.

आतां वाचकांनीं एक खटाटोप करावा. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या घेऊन त्यांच्या टोकांशीं भोकें पाडावीं. भोकांमधील अंतरें ७, २४, १५ व २० सेंटिमीटर असावीं. याच क्रमानें टांचण्यांनीं त्या जोडून चौकट करावी आणि हातांत धरून हलवावी. चौकट डुलते. बाजू त्याच राहतात, पण आकृति क्षणांत फुगते, क्षणांत चेपते. तीन पट्ट्यांचा त्रिकोण केला तर तो तसूभरहि हलत नाहीं. छपराला त्रिकोणी कैच्या घालतात त्या याच कारणानें. तेव्हां चौकोनी शेताच्या चार बांधांची लांबी कितीहि काटेकोर मोजली, तरी त्यावरून तें शेत केवढें हें ठरतच नाहीं.

ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीच सांगून ठेवलेली आहे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें लीलावती लिहिली. लंब किंवा कर्ण न सांगतां चौकोनाचें क्षेत्रफळ विचारणाऱ्यास, आणि तें निश्चित म्हणून सांगणाऱ्यासहि, त्या ग्रंथांत त्यांनीं चक्क पिशाच ठरविलें आहे. एरवीं सौम्य असणाऱ्या आचार्यांचा तोल येथें कां जावा? आमचा तर्क असा कीं, वांटण्यांच्या कज्ज्यांत त्यांनाहि कोणी तरी बसविलें असावें! त्यांच्या नातवाच्या मठाची हकीकत सांगणारा शिलालेख चाळीसगांवजवळ पाटण येथें आहे. म्हणजे हें बोलणारा पुरुष आपल्या मराठवाड्यास अगदींच परका नव्हे.

बाईंना आम्हीं एवढेंच लिहिलें कीं, ७ व २० साखळ्यांचे बांध ज्या कोपऱ्यांत मिळतात तेथून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण मोजून कळवा. पीक निघाल्यावर मायलेकांनीं फीत धरून तो मोजला. भरला ६६० फूट, म्हणजे बरोबर २० साखळ्या. आतां चौकोनाचे दोन त्रिकोण झाले, आणि त्रिकोण डुलत नाहीं, म्हणून उत्तर निश्चित मिळतें. पहिल्याच्या भुजा ७, २४ व २०. त्यांची बेरीज ५१, तिचें अर्ध २५॥. यांतून एकेक भुजा वजा करतां उरतात १८॥, १॥ आणि ५॥. हे तीन व २५॥ असे चारहि आंकडे गुणिले कीं सुमारें ३८९२ येतात; त्याचें वर्गमूळ ६२.४, तितके गुंठे. दुसऱ्या त्रिकोणाच्या भुजा १५, २० व २०. त्याच रीतीनें त्याचे गुंठे १३९. एकूण २०१.४; म्हणजे ५ एकर १ गुंठा. कागदावरील आंकड्याहून एक एकर कमी! कोठींतलें बियाणें खरें बोलत होतें.

येथें कोणी विचारील कीं, चौकट हलवून शेत फुगवीत नेलें तर कधीं तरी २४२ गुंठे भरतील कीं नाहीं? नाहीं भरणार. कर्ण २० वरून वाढवीत २५ साखळ्यांवर आणा. ७ व २४ यांमधील कोन आतां काटकोन होतो, कारण ४९ आणि ५७६ मिळून ६२५, आणि तो २५ चा वर्ग. १५ व २० यांमधलाहि काटकोनच. २२५ आणि ४०० मिळून पुन्हां ६२५. अर्धवर्तुळांतील कोन काटकोन असतो हें शाळेंत सर्वांनीं घोकलेलें आहे. त्याच नियमानें या २५ साखळ्यांच्या कर्णाला व्यास धरून वर्तुळ काढलें तर शेताचे चारहि कोपरे त्या वर्तुळावर बसतात. चार भुजा दिल्या असतां चौकोन सर्वांत मोठा होतो तो अशाच स्थितींत. आणि तें मोठ्यांत मोठें क्षेत्र किती? ८४ आणि १५० मिळून २३४ गुंठे. कर्ण याहून लांबविला तर शेत पुन्हां आटूं लागतें. म्हणजे जुन्या रीतीनें कागदावर मांडलेलें २४२ गुंठ्यांचें शेत त्या चार बांधांत मावूंच शकत नाहीं.

ही रीत नेहमीं जास्तच कां दाखविते, तेंहि कळावयास कठिण नाहीं. त्रिकोणाच्या कोणत्याहि दोन भुजा घ्या. त्रिकोण त्यांच्या गुणाकाराच्या निम्म्याहून मोठा होत नाहीं, आणि तितका होतो तोहि त्यांमध्यें काटकोन असेल तरच. चौकोन एका कर्णानें दुभागा, मग दुसऱ्या कर्णानें दुभागा, चारहि त्रिकोणांस हा नियम लावा आणि दोन्ही उत्तरांची सरासरी घ्या. निघतो तो सरासऱ्यांचा गुणाकारच. पण वरची मर्यादा म्हणून. ती मर्यादा आयत तेवढा गांठतो. थोरल्यांचें शेत आयत होतें, त्यांच्या हिशेबांत चूक निघालीच नाहीं. तिरक्या शेताच्या धन्यानें मात्र कागदावरील गुंठे खाल्ले. गांवच्या वृद्धांस दोष देण्याचें कारण नाहीं. ईजिप्तांत एडफू येथील देवळाच्या भिंतींवर देवस्थानच्या जमिनींचें क्षेत्र याच रीतीनें कोरलेलें आहे. आपल्या ब्रह्मगुप्तानेंहि इ. स. ६२८ मध्यें ही रीत दिली, पण तिला स्थूल म्हणून बजावून आणि शेजारीं सूक्ष्म रीत देऊन. लोकांनीं सोपी तेवढी उचलली.

बाईंनीं तो कागद प्रथम सासूबाईंपुढें ठेवला. सासूबाईंना वर्गमुळें कळलीं नसावीं. पण बियाण्याची गोष्ट त्यांना तत्काळ पटली. थोरले दोन दिवस बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं स्वतः फीत घेऊन कर्ण पुन्हां मोजला, आणि संध्याकाळीं भावास म्हणाले, "बाबा रे, अंतर अर्धें अर्धें करूं." सामाईक बांध त्यांच्या शेतांत तीस फूट आंत सरकवावयाचें ठरलें. २२ साखळ्या लांब व ३० फूट रुंद पट्टी म्हणजे बरोबर २० गुंठे होतात. कागदोपत्रीं फेर व्हावा म्हणून सरकारी मोजणीचा अर्ज दिलेला आहे. ती अद्याप व्हावयाची आहे.

वाचकांसाठीं उदाहरण : याच चार बांधांच्या शेताचा तोच कर्ण २८ साखळ्या भरला असता, तर शेत किती गुंठ्यांचें झालें असतें? उत्तर २१९ च्या जवळपास न आल्यास वर्गमूळ पुन्हां काढावें.