एकरकमी मदत, आयुष्यभराचा खर्च

ब्राह्मणपुरीच्या शिवारात सकाळी कामास निघालेल्या मजुराला पायाखालच्या मातीची भीती वाटत नाही. शहादा तालुक्यातील या गावापासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या गडचिरोलीत मात्र हा विश्वास अनेक वर्षे डळमळीत राहिला. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, कुरखेडा तालुक्यातील जांभूरखेडा येथे नक्षलवाद्यांनी घडविलेल्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या खासगी वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि बंदुका शांत झाल्या तरी मातीत पुरलेली स्फोटके आपोआप निकामी होत नाहीत, आणि ज्याचा पाय गेला त्याची अडचणही संपत नाही.

दहशतवाद, नक्षलवादी हिंसाचार व सुरुंगस्फोट यांत बळी पडलेल्या नागरिकांसाठी केंद्र शासनाची साहाय्य योजना आहे. २०१६ मध्ये तिची रक्कम ३ लाखांवरून ५ लाख रुपये करण्यात आली. मृत्यू अथवा ५० टक्के वा अधिक कायम अपंगत्व आल्यास ती मिळते. योजनेचा हेतू स्तुत्य आहे. परंतु व्यापारी कुटुंबातील कोणीही जमाखर्च मांडून पाहिल्यास तिची मर्यादा ध्यानी येईल. ५ लाखांचे मुद्दल साडेसहा टक्के दराने ठेवल्यास वर्षाला ३२,५०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे २,७०० रुपये व्याज येते. त्यात घर चालवावयाचे आणि कृत्रिम पायही बदलावयाचा. असा पाय साधारणतः तीन ते पाच वर्षांत झिजतो. वाढत्या वयाच्या मुलाला तर तो त्याहूनही लवकर अपुरा पडतो. तिसाव्या वर्षी जखमी झालेल्या माणसाला उर्वरित आयुष्यात दहा-बारा वेळा तरी नवा पाय लागेल. आवर्ती खर्चाची तरतूद एकाच नोंदीत आटोपणारी वही कोणत्याही पेढीवर मान्य होणार नाही.

दुसरी उणीव पात्रतेची आहे. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ हा ४० टक्के अपंगत्व असलेल्या व्यक्तीस आरक्षणादी लाभांस पात्र मानतो. सुरुंगपीडितास मात्र ५० टक्क्यांची अट आहे. ४५ टक्के अपंगत्व आलेला शेतमजूर एका कायद्याने दिव्यांग ठरतो आणि दुसऱ्या योजनेच्या दारातून रिकाम्या हाती परततो.

समाजाने या क्षेत्रात आपला वाटा उचललेला आहे. रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास साकारलेला जयपूर फूट, अनवाणी चालणाऱ्या आणि उकिडवे बसणाऱ्या माणसासाठी घडला. १९७५ मध्ये श्री. डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो विनामूल्य बसविते. अफगाणिस्तानातील सुरुंगपीडितांपर्यंतही तो पोहोचला आहे. पुढे रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर व सेबीचे अध्यक्ष झालेल्या श्री. मेहता यांचा स्वतःचा पाय १९६९ च्या मोटार अपघातात जेमतेम वाचला होता. परंतु दानधर्म शासनाच्या कर्तव्याला पूरक ठरतो. त्याची जागा घेऊ शकत नाही. शिबिर आज भरते, उद्या उठते. हक्क कायम राहतो.

भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या १९९७ च्या ओटावा करारावर भारताने स्वाक्षरी केलेली नाही. त्यामागे सीमासंरक्षणाची कारणे असतील. जखमी नागरिकाला आधार देण्याच्या आड मात्र ती येत नाहीत.

नंदुरबार आणि गडचिरोली-चिमूर हे दोन्ही लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. दोन्हींच्या खासदारांनी हा प्रश्न एकत्रितपणे मांडणे स्वाभाविक ठरेल. ब्राह्मणपुरीपासून मुंबईपर्यंतच्या वाचकांनी आपल्या पेढीच्या लेटरहेडवर आपल्या खासदारास व आमदारास तीन मागण्या कळवाव्यात: पात्रतेची अट ४० टक्क्यांवर आणावी, कृत्रिम अवयव बदलण्याचा व दुरुस्तीचा खर्च आजन्म मिळावा, आणि एकरकमी साहाय्यासोबत महागाईनुसार वाढणारे मासिक निर्वाहवेतन द्यावे. पत्राची एक प्रत जपून ठेवावी आणि अधिवेशन संपल्यावर उत्तर मागावे. उधारीचा तगादा लावण्यात संकोच न करणाऱ्या व्यापाऱ्याने हा तगादाही चिकाटीने लावावा.