ट्रॉपिकल कधी लागणार?

वणी सोडून दहा मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात मागच्या सीटवरून प्रश्न आला, "काका, ट्रॉपिकल कधी लागणार?"

विचारणारा माझा पुतण्या. वय वर्षं नऊ, जन्म आणि शाळा म्युनिकची. मेअखेरीस तिकडं शाळेला दोन आठवडे सुट्टी असते. या वेळी निघताना बाईंनी सांगितलं होतं, उष्णकटिबंधातल्या देशात चाललायस तर तिथलं चित्र काढून आण. पठ्ठ्यानं विमानातच चित्र काढून टाकलं होतं: नारळ, पोपट, झाडांना लोंबणाऱ्या वेली. आता ते खरं आहे की नाही एवढंच तपासायचं राहिलं होतं. म्हणून २४ मे रोजी सात सीटच्या गाडीत आम्ही नऊ माणसं बसलो आणि सापुताऱ्यावरून डांगात उतरून वघईला निघालो.

तसं वणीच्या माणसाला सहलीची सवय नाही. आम्ही जन्मभर दुसऱ्यांचे प्रवास बघत आलो. चैत्रात खानदेशातून पायी येणारी माणसं, कोजागिरीला खांद्यावर कावड घेऊन येणारी माणसं, नवरात्रात एसटीच्या रांगा. सगळे म्हणतात, वणीच्या देवीला चाललो. देवी मात्र वणीत नाही, नांदुरीवरून घाट चढून सप्तशृंग गडावर आहे. आमचा तालुका दिंडोरी, तिचा कळवण. नाव आमचं, डोंगर त्यांचा! त्या दिवशी गडाचा रस्ता सोडून गाडी बोरगावकडं वळली तेव्हा आईनं काचेतूनच हात जोडले आणि मांडीवरचा दशम्यांचा डबा सरळ केला.

"हे ट्रॉपिकलच आहे," भाऊ म्हणाला.

पोरानं बाहेर पाहिलं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. "द्राक्षं तर आमच्याकडं पण असतात."

खरं होतं. पण मी द्राक्षवाल्याच्या घरचा, मला गप्प बसवेना. त्याला म्हटलं, तुमच्याकडची वेल थंडीत पानं गाळून झोपते आणि वसंतात जागी होते. आमच्याकडं वेलीला गाढ झोप लागेल एवढी थंडीच पडत नाही. वेलीला ऋतू कळत नाही, म्हणून शेतकरी कात्री घेऊन तिला ऋतू दाखवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. एप्रिलच्या छाटणीनंतर आता या बागा हिरव्यागार दिसतायत, पण घड एकही सापडायचा नाही. या काड्यांतच पुढच्या हंगामाचा माल धरतो. वर्षातून दोनदा कापायचं आणि एकदाच पिकवायचं, हा उष्णकटिबंधात द्राक्ष लावल्याचा दंड आहे. पोरानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण पोपट?"

बोरगावकडं जाताना बागा विरळ होतात आणि सुरगाण्याचे डोंगर जवळ येतात. मग बाबांना पाणी आठवतं. ते निवृत्त शिक्षक, त्यामुळे पाठ चुकवायची सोय नाही. याच तालुक्यातल्या केमच्या डोंगरावर नार, पार आणि गिरणा उगम पावतात. नार-पार सरळ पश्चिमेला उतरून अरबी समुद्र गाठतात. गिरणेला मात्र घाई नाही. ती पूर्वेला वळते, कळवण, मालेगाव, चाळीसगाव करत जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते आणि तापीबरोबर सुरतेवरून त्याच अरबी समुद्रात परत येते. एकाच डोंगरावरचे दोन थेंब, एकाला जवळचा रस्ता, दुसऱ्याला आख्खा खानदेश. नार-पारचं पाणी गिरणेत वळवायची भाषणं आम्ही किती निवडणुका ऐकतोय, ते बाबांनी बोटांवर मोजायला घेतलं. एका हाताची बोटं संपली तेव्हा आईनं दशमी पुढं केली.

सुरतेचं नाव निघाल्यावर शिवाजी महाराज येणारच. १६७० च्या ऑक्टोबरात दुसऱ्यांदा सुरत लुटून महाराज बागलाणातून परतत होते, तेव्हा दाऊदखानानं त्यांना गाठलं आणि वणी-दिंडोरीच्या परिसरात लढाई झाली. पुतण्याला ही गोष्ट पोपटांपेक्षा आवडली. लुटलेलं सामान कशावर लादलं होतं, घोड्यांना पाणी कुठं पाजलं, हे तो हातगड येईपर्यंत विचारत राहिला.

सापुताऱ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तळं, बोटी, मक्याची कणसं, आणि नाशिक-सुरतेच्या गाड्यांना लावायला नसलेली जागा. आम्ही चहा घेऊन निघालो. पाट्या गुजराती झाल्या, पण रस्त्याकडेला पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं विकणाऱ्या बाईशी आई बोलायला लागली तेव्हा भाषेचं कुणाला अडलं नाही. १९६० मध्ये डांग गुजरातेत गेला. कोकणा माणूस सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिला आणि त्याची बोलीही. करवंदांच्या चिकानं पोराचे ओठ चिकटले आणि बराच वेळ प्रश्न बंद होते.

मग जंगल लागलं. भावाला वाटलं होतं, आता पोरगं खूश होईल. पण मे महिन्यातलं सागाचं जंगल म्हणजे डोंगरभर रोवलेल्या काठ्या. खाली करकरीत वाळलेली पानं, मध्ये तपकिरी उतार, लांब कुठं तरी एखाद्या आंब्याचा हिरवा ठिपका. गिरा धबधब्याचा फोटो पोरानं पाहून ठेवला होता. तिथं गेलो तर काळा खडक उन्हात तापत पडलेला. मला उगाच अपराधी वाटलं, जणू धबधबा मीच बंद करून ठेवला होता. आमचा उष्णकटिबंध असा आहे: चार महिने हिरवा आणि उरलेले आठ महिने पावसाच्या वाटेकडं डोळे लावून बसलेला. ते चित्र पोस्टकार्डावर कोण छापणार?

वघईचं स्टेशन बघायचा हट्ट बाबांचा. बिलिमोऱ्याहून इथवर आलेली ६३ किलोमीटरची छोटी लाइन सयाजीराव गायकवाडांच्या काळातली, १९१३ ची. डांगातला साग बाहेर नेण्यासाठी टाकलेली. आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. बाबांनी घड्याळ पाहिलं, मग आकाश, आणि पोराला उन्हात बोलावलं. ही वेळ त्यांनी आधीच हेरून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी आपली काठी मोकळ्या जागेत सरळ उभी धरली. काठीची सावली बोटभर होती, मग नखभर. साडेबाराच्या पुढं दोन-तीन मिनिटांनी ती काठीखालीच गेली. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, आपल्या पट्ट्यात, सूर्य वर्षातून दोनदाच बरोबर डोक्यावर येतो. वणीत तो दोन दिवस आधी येऊन गेला होता, इथं आज होता. "म्युनिकला भर जूनमध्येसुद्धा सावली तुझी पाठ सोडत नाही," बाबा म्हणाले. "ती जिथं सोडते, ते तुझं ट्रॉपिकल."

पोरगं स्वतःभोवती गिरकी घेऊन सावली शोधत राहिलं. मग त्यानं आम्हाला एकेकाला झाडाखालून बाहेर ओढून ओळीत उभं केलं आणि सगळ्यांच्या पायांशी वाकून पाहिलं. संध्याकाळी वहीत नवं चित्र होतं: तपकिरी डोंगर, काठ्यांसारखी झाडं, नऊ माणसं, आणि सावली कुणालाच नाही.

तेव्हा मात्र आईच आधी वैतागली होती. पदर डोक्यावर ओढत म्हणाली, "पुरे झालं, चला झाडाखाली. सावली नसलेल्याला आमच्याकडं भूत म्हणतात."