अकरा महिन्यांचे साथरोगतज्ज्ञ

जानेवारी १९८८ ते मार्च १९८९ या काळात ओमानमध्ये ११८ जणांना पोलिओने लुळे केले. मुलांना लसच मिळाली नव्हती, असे म्हणून हात झटकण्याची सोय नव्हती. तोंडावाटे द्यायच्या लशीच्या तिन्ही मात्रा मिळालेल्या बालकांचे प्रमाण ८७ टक्क्यांपर्यंत गेले होते. ओमानच्या आरोग्य मंत्रालयाने प्रकरण दडपले नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रातील तज्ज्ञांना सोबत घेऊन साथीचा माग काढला आणि १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष जाहीर केला. पूर्ण लसीकरण झालेली बरीच मुलेही संसर्गाच्या साखळीत असावीत. त्याचे मूळ दक्षिण आशियात, म्हणजे आपल्याच बाजूला निघाले.

त्या निबंधाचे पहिले लेखक रोलंड सटर. लेखकांच्या यादीत मालणकर हे आपल्याकडचे आडनावही आहे. १९ वर्षांनी, २०१० मध्ये, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ओमानचाच दुसरा निबंध आला. पोलिओच्या टोचायच्या लशीची मात्रा एक पंचमांश, म्हणजे ०.१ मिलिलिटर इतकी केली आणि ती सुईविना चालणाऱ्या उपकरणाने बाळाच्या त्वचेत सोडली तर पुरते का, हा त्याचा विषय. दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या महिन्यात ही मात्रा दिलेल्या बहुतेक सर्व बाळांमध्ये प्रतिपिंडे तयार झाली. त्यांची पातळी पूर्ण मात्रेपेक्षा कमी होती, हेही लेखकांनी लपवले नाही. या निबंधावरही सटर आहेत आणि मालणकरही आहेत. त्यांच्याबरोबर ओमानचे मोहम्मद आणि अल अवैदी आहेत, बावीकर आणि कुरूप ही आपल्याकडची आडनावेही आहेत. टोचायच्या लशीचा जगभर तुटवडा पडला तेव्हा २०१६ मध्ये भारताने याच अल्पमात्रेचा मार्ग धरला. क्यूबा, बांगलादेश आणि ओमान येथील अभ्यास हाताशी होते म्हणूनच हे शक्य झाले. आपल्या बाजूचा विषाणू तिकडे गेला आणि त्यावर तिथे झालेले काम आपल्या बाळांच्या दंडापर्यंत परत आले.

या दोन निबंधांमधली १९ वर्षे हाच आजच्या अग्रलेखाचा विषय आहे. साथीच्या अभ्यासात एका प्रश्नाला धरून राहण्याइतका वेळ माणसाला मिळाला पाहिजे. ओमानने मलेरियातही तेच केले. १९९० मध्ये त्या छोट्या देशात ३२ हजार ७२० रुग्ण होते. १९९१ मध्ये निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला आणि २००४ पर्यंत स्थानिक लागण थांबली. पण भारतीय उपखंडातून आणि पूर्व आफ्रिकेतून माणसे येत राहिली, त्यांच्याबरोबर परोपजीवीही आले आणि २००७ मध्ये स्थानिक लागण थोड्या प्रमाणात पुन्हा दिसली. शून्य गाठल्यावरही प्रत्येक तापाचा रुग्ण कुठून आला, कोणत्या वस्तीत राहिला, शेजारी कोणाला ताप आहे, हे विचारत फिरणारा माणूस लागतोच. २०१८ च्या अखेरीस खुद्द मस्कतमध्ये डेंगीची स्थानिक साथ आली, तेव्हा पुन्हा हीच विचारपूस करावी लागली.

आता महाराष्ट्राकडे पाहू. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून चालू आहे. त्यातला जिल्हा साथरोगतज्ज्ञ हा बहुतेक ठिकाणी कंत्राटी माणूस असतो. अकरा महिन्यांचा करार, मग खंड, मग पुन्हा अकरा महिने. गावात अतिसाराची साथ आली की हाच माणूस पाण्याचे नमुने, रुग्णांची यादी आणि नकाशा घेऊन धावतो. साथ ओसरते तोवर त्याच्याच कराराचे नूतनीकरण अडलेले असते. दहा वर्षे पूर्ण केलेल्या कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांना सेवेत सामावून घेण्याचा शासन निर्णय २०२४ मध्ये निघाला, तरी त्याच्या अंमलबजावणीसाठी २०२५ मध्ये संप करावा लागला. ज्याला पुढच्या वर्षी आपण कुठे असू हे ठाऊक नाही, त्याने पाच वर्षांचा प्रश्न हाती घ्यावा कसा?

साथींची गणिती प्रारूपे मांडणाऱ्यांची स्थिती याहून बिकट आहे. त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या आरोग्य खात्यात मुळात पदच नाही. पुण्या-मुंबईत संख्याशास्त्र शिकलेली हुशार मुले विमा आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत जातात, त्यात त्यांचा काय दोष? या शाखेचा पाया आपल्या मुंबईच्या आकड्यांवर रचला गेला, हे इथे आवर्जून सांगितले पाहिजे. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये साथीच्या चढउताराचे जे सूत्र मांडले, ते त्यांनी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधील मुंबईच्या प्लेगमृत्यूंच्या साप्ताहिक आकड्यांशी ताडून पाहिले. मॅकेंड्रिक हे भारतीय वैद्यकीय सेवेतले डॉक्टर. रोनाल्ड रॉस यांच्यासोबत ते सिएरा लिओनला मलेरियाच्या मोहिमेवर गेले होते, पुढे कसौलीत काम केले आणि गणिताकडे वळले ते रोग जवळून पाहिल्यानंतर. तेव्हा आकडे छापलेले होते आणि ते वाचणाऱ्याला सलग नोकरी होती. आज जिल्हावार डेंगीचे साप्ताहिक आकडे अभ्यासाला पुरतील इतक्या तपशिलाने मिळवणे हेच पहिले दिव्य ठरते.

ओमानला निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. तिथले बरेच आरोग्य मनुष्यबळ परदेशी आहे, त्यांचा मुक्काम व्हिसा आणि कराराशी बांधलेला आहे आणि ओमानी नागरिकांना पदे देण्याचे धोरण दिवसेंदिवस जोर धरते आहे. आपल्या तरुणांना संधी देण्याचा तो त्यांचा न्याय्य हक्क आहे. मात्र जाणारा अनुभवी माणूस आणि येणारा नवा माणूस यांनी दोन-तीन वर्षे एकत्र काम केले नाही, तर वीस वर्षांचे शहाणपण विमानात बसून निघून जाईल. आखातातून परतणाऱ्या अशा आपल्या माणसाला महाराष्ट्रात बसायला खुर्ची आहे का, हाही प्रश्न आहे. परदेशातला सरकारी अनुभव इथे ज्येष्ठतेत धरला जाणार नसेल, तर वयाच्या पन्नाशीत तो खासगी रुग्णालयाच्या प्रशासनात जाऊन बसेल.

सार्वजनिक आरोग्यासाठी स्वतंत्र संवर्ग असावा, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटले आहे आणि २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही दिल्या. तामिळनाडूत असा संवर्ग कित्येक दशके काम करतो आहे. महाराष्ट्राने यात जिल्हा, विभाग आणि राज्य अशा तीन पायऱ्यांवर साथरोगतज्ज्ञाची कायम पदे ठेवावीत, प्रत्येक विभागात गणिती विश्लेषकाचे एक तरी पद निर्माण करावे, परदेशातली शासकीय सेवा अनुभवात मोजावी आणि रुग्णांची नावे वगळून साप्ताहिक आकडे विद्यापीठांना खुले करावेत. पदांचा आकृतिबंध वित्त विभागाकडे जातो तेव्हा पहिली कात्री याच पदांवर चालते. आरोग्यमंत्र्यांनी ती तिथेच थांबवावी.